जेवणाच्या ताटावरचं इंग्लिश: पोरांना देशोदेशीचे टेबल मॅनर्स आणि स्वतःला धीर देणं कसं शिकवायचं

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्लिश आहे, म्हंजे झेडपीच्या शाळेतलं पोरगं सुद्धा दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्लिश शिकतं, आणि तरी लग्नात कुणी बाहेरचा पाहुणा शेजारी बसला आणि "वुड यू लाइक सम मोअर?" म्हणाला की ते खाली मान घालून बोटाने भाजी फिरवत बसतं. उत्तर येत असतं बरं का, तोंडातून निघत नाही फक्त. एकतर चुकेन ही भीती, आणि दुसरी म्हंजे आपण हाताने खातोय, रस्सा भुरकतोय, हे बघून समोरचा हसेल ही भीती. मी अमळनेरला घरीच ट्युशन घेते, पाचवी ते आठवीची पोरं जास्त, आणि माझं असं मत झालंय की ह्या दोन्ही भीती एकाच जागी जातात, जेवायला बसल्यावर. जेवण रोज दोनदा होतं, वाक्यं छोटी असतात, तीच तीच परत येतात, आणि चुकलं तर कुणी मार्क कापत नाही.

आई-बापाला इंग्लिश येत नसलं तरी हे सगळं जमतं. आजी-आजोबांना तर जास्त मजा येते.

आधी आपलं ताट

बहुतेक क्लासवाले डायरेक्ट काटा-चमच्यावर उडी मारतात. तसं नका करू. पहिल्या आठवड्यात पोराला आपल्याच घरचे नियम शोधायला लावा, कारण नियम आहेत हेच त्यांना माहीत नसतं, त्यांना वाटतं मॅनर्स म्हंजे फॉरेनची गोष्ट. आजीला विचारायला सांगा की ताटात मीठ कुठं, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे का, भाजी उजवीकडे का, पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात का लावायचा नाही, शेजारचा जेवत असताना उठायचं का नाही. थंडीत शेतात भरीत पार्टी असते तेव्हा तर हे सगळं डोळ्यासमोर दिसतं, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजून झाली, कळण्याच्या म्हंजे ज्वारी-उडदाच्या भाकरी आल्या, भुकेने जीव चाललाय पण म्हाताऱ्या माणसांच्या ताटात पडल्याशिवाय कुणी सुरू करत नाही.

मग ते चार-पाच वाक्यांत इंग्लिशमधून सांगायला लावा. "वी वॉश आवर हँड्स. वी ईट विथ द राइट हँड. वी वेट फॉर एव्हरीवन. वी डोन्ट वेस्ट फूड." एवढंच. पाठ करून नाही, ताटाकडे बोट दाखवत दाखवत. भरीत, शेवभाजी, डाळ-बट्टी, खापरावरची पुरणपोळी ह्यांना इंग्लिश नाव शोधत बसू नका, "धिस इज भरीत, इट्स रोस्टेड ब्रिंजल विथ ग्रीन चिलीज" असं सांगितलं की झालं. ज्या पोराला आपल्या ताटाबद्दल ताठ मानेने चार वाक्यं बोलता येतात त्याला दुसऱ्याचं ताट बघून लाज वाटत नाही, हा माझा अनुभव.

मग पाच वाक्यं, जास्त नाही

ही ती पाच. "मे आय हॅव सम मोअर, प्लीज?" "कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?" "नो, थँक यू, आयॅम फुल." "धिस इज रिअली गुड." आणि उठताना "थँक यू फॉर द मील." एका आठवड्याला एकच वाक्य घ्या, फ्रिजवर किंवा भिंतीवर देवनागरीत लिहून चिकटवा, आणि त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचं, बाबांनी सुद्धा, बाबांनी तर आधी. बाप मोबाईल बघत जेवतोय आणि पोराला मॅनर्स शिकवतोय हे चालत नाही भो.

आपली पोरं घरी "माय, भाजी वाढ" म्हणतात, त्यात काही उद्धटपणा नाही, आवाजातच सगळं असतं. पण तेच जसंच्या तसं उचलून "गिव मी भाजी" केलं की ते इंग्लिश माणसाच्या कानाला हुकूम सोडल्यासारखं लागतं. म्हणून प्लीज आणि थँक यू हे मिठासारखं वरून घालायचं नाही, वाक्य शिकतानाच त्यात असलं पाहिजे.

चूक कशी सुधारायची? जेवताना थांबवून सुधारायचीच नाही. पोरगं म्हणालं "गिव मी वॉटर", तर तुम्ही पाणी देता देता म्हणा, "सम वॉटर, प्लीज? शुअर, हिअर यू गो." त्याने बरोबर वाक्य ऐकलं, पाणी पण मिळालं, बास. दोन-चार दिवसांत ते आपोआप वळतं. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा, "इंग्लिशमधे माग तरच पोळी देईन" असलं काही करू नका. अन्न अडवून भाषा शिकवायची नसते, पोरगं दोन्हीवर रुसतं.

चूक झाली की एक वाक्य बाहेर, एक आत

ह्या लेखातलं एवढंच घेतलंत तरी पुरे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

पाणी सांडलं, चमचा पडला, ढेकर आली, वाक्य अर्ध्यात अडकलं. अशा वेळी पोराला दोन वाक्यं लागतात. एक समोरच्यासाठी: "ऊप्स, सॉरी. लेट मी क्लीन इट." ढेकर किंवा शिंक आली तर "एक्सक्यूज मी." वाक्य अडकलं तर "सॉरी, लेट मी से दॅट अगेन." आणि दुसरं स्वतःसाठी, मनातल्या मनात किंवा पुटपुटत: "इट्स ओके. ट्राय अगेन." बाहेरचं वाक्य सगळेच शिकवतात. आतलं कुणी शिकवत नाही, आणि मग पोरगं आतमधे स्वतःच तयार करतं, ते साधारण "मी ढ आहे" असं असतं.

आता आतलं वाक्य कोणतं असावं ह्यात मोठा घोळ आहे. हल्ली पोरांना आरशासमोर उभं करून "आयॅम द बेस्ट, आयॅम अ विनर" म्हणायला लावायची फॅशन आलीय, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. माझा त्याला विरोध आहे, आणि तो नुसता माझा हट्ट नाही. नेदरलँड्समधे ९ ते १३ वयाच्या पोरांवर एक प्रयोग झाला, २०१९ मधे तो छापून आला. गणिताचा पेपर दोन भागांत दिला आणि मधल्या वेळेत काही पोरांना मनात म्हणायला लावलं "मी माझा पूर्ण प्रयत्न करीन", काहींना "मी ह्यात हुशार आहे", आणि काहींना काहीच नाही. ज्या पोरांना स्वतःच्या गणितावर भरोसा नव्हता त्यांना प्रयत्नाच्या वाक्याने फायदा झाला, दुसऱ्या भागात त्यांनी जास्त चांगलं सोडवलं. हुशारीच्या वाक्याने काही फरक पडला नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मधे मोठ्या माणसांवर अजून एक बघितलं होतं, ज्यांना आधीच स्वतःबद्दल कमीपणा वाटतो त्यांनी "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" असलं वाक्य परत परत म्हटलं तर त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. साहजिक आहे ना, आतला आवाज लगेच म्हणतो, काहीपण काय.

म्हणून पोराला असं वाक्य द्या जे त्याला खोटं वाटणार नाही. "आयॅम परफेक्ट" खोटं आहे, त्याला माहितीय. "आय विल ट्राय वन्स मोअर" खरं आहे, कारण ते लगेच करून दाखवता येतं. अजून थोडी सांगते: बोलायच्या आधी "जस्ट स्टार्ट", मधे अडकलं की "स्लो डाऊन, वन वर्ड", जमत नाही असं वाटलं की "नॉट यट". ह्यातलं एकच निवडायचं आणि पोराने स्वतः निवडायचं, तुम्ही नाही.

आणि हे वाक्य पहिल्या दिवसापासून इंग्लिशच पाहिजे असं काही नाही. माझ्याकडे धरणगावकडची एक पोरगी येते, सातवीतली, घरी सगळं अहिराणी. चॉपस्टिकने शेंगदाणे उचलायचा खेळ चालला होता, सगळ्यांचे शेंगदाणे सतरंजीभर पळत होते, बाकीची पोरं हसत होती आणि ही वाटीवर वाकून एकटीच पुटपुटत होती "जमी जाई, जमी जाई". दाणा निसटला की परत तेच. शेवटी एक दाणा वाटीच्या काठापर्यंत आला आणि आत पडला तेव्हा मोठ्याने ओरडली, "आय डिड इट!" तिला कुणी शिकवलं नव्हतं हे. धीर आईच्या भाषेत दिला आणि आनंद इंग्लिशमधे आला, चांगलंच आहे की.

पोरं काम करताना अशी स्वतःशी मोठ्याने बोलतात तेव्हा त्यांना गप्प करू नका. वायगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, १९३४ मधे वारला, त्याने हेच मांडलं की लहान पोरं आधी मोठ्याने स्वतःला सूचना देतात आणि हळूहळू तेच बोलणं आत जाऊन विचार बनतं. म्हंजे ती बडबड कामाची असते. स्वतःला नावाने हाक मारून बोललं तरी उपयोग होतो, "कम ऑन" आणि पुढे स्वतःचं नाव. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात दिसलंय की टेन्शनच्या वेळी "मी" ऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोललं की डोकं जरा शांत राहतं. पोरांना तर त्यात नाटक केल्यासारखं वाटतं, लगेच करतात.

सराव कसा घ्यायचा तर मुद्दाम चुका करायच्या. रविवारी जेवताना प्रत्येकाने एकदा काहीतरी पाडायचं (पाणीच पाडा, वरण नको), आणि लगेच बाहेरचं वाक्य मोठ्याने, आतलं वाक्य हळू. आजोबांनी चमचा पाडून "ऊप्स, सॉरी" म्हटलं की पोरं लोळतात हसून. खरी चूक होते तेव्हा मग तोंड आपोआप चालतं.

आता दर रविवारी एक देश

हा सगळ्यात आवडता भाग. एकाच कृतीला एका देशात शाब्बासकी आणि दुसऱ्या देशात डोळे वटारणं, हे पोरांना कळलं ना की "मी चुकतो" ही भीती निम्मी होते.

जपानपासून सुरू करा. तिथं नूडल्स सुर्र करून ओढल्या तरी चालतं, आपल्या भुरक्यासारखंच, आणि तेच इंग्लंडमधे केलं तर टेबलावरचे सगळे वळून बघतील. जेवायच्या आधी जपानी माणसं "इतादाकिमास" म्हणतात, जेवण झालं की "गोचिसोसामा", आपल्याकडे शाळेत डबा उघडायच्या आधी श्लोक म्हणतात तेव्हा पोरांना हे पटकन पटतं. दोन गोष्टी मात्र तिथं अजिबात करायच्या नाहीत. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमधे घास द्यायचा नाही, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. पोरं हे कधीच विसरत नाहीत. वाक्य: "इन जपान, मेनी पीपल लिफ्ट द राइस बोल." हो, भाताचा बोल हातात उचलून खातात, आणि शेजारच्याच कोरियात बोल टेबलावरच ठेवायचा असतो, भात चमच्याने खायचा असतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय सुरू करायचं नसतं. हे शेवटचं ऐकून आमच्या ट्युशनमधली पोरं म्हणतात, बाई हे तर आपल्यासारखंच आहे.

चॉपस्टिक विकत आणायची गरज नाही, कबाबच्या लाकडी काड्या घ्या आणि टोकं कापून टाका. भेंडीचे तुकडे सोपे जातात, शेंगदाणे अवघड.

इथिओपियात इंजेरा असते, तेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं मोठं धिरडंच म्हणा, त्यावर भाज्या वाढतात आणि सगळे एकाच ताटातून उजव्या हाताने खातात. त्यातला एक घास करून शेजारच्याच्या तोंडात भरवायचा, त्याला गुर्शा म्हणतात, माया आणि मान दाखवायची ती पद्धत. ह्या रविवारी घरी एक मोठं ताट, धिरडी, दोन-तीन भाज्या आणि एकमेकांना घास. वाक्य: "वुड यू लाइक अ बाइट?" हाताने खाणं म्हंजे मागासलेपणा असं ज्या पोराच्या डोक्यात कुणी भरवलंय त्याच्यासाठी हा रविवार चुकवू नका.

थायलंडमधे काटा आणि चमचा दोन्ही असतात, पण काटा तोंडात घालत नाहीत, डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमच्याने खायचा. भात खायला हे सगळ्यात सोपं पडतं, खरं सांगायचं तर हॉटेलात मी स्वतः असंच खाते.

मग इंग्लंड. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. इथं आजी आडवी येणारच, डाव्या हाताने जेवतात का म्हणून. तिला समजवायचं पोरावर सोडा, "आजी, तिकडे उजवा हात कापतो आणि डावा हात उचलतो". घरात काटा-सुरीचा सराव भाकरीवर करू नका, ती कळण्याची असली तर विचारूच नका. केळं घ्या, रावेर-यावल एवढं जवळ असताना केळ्याला काय तोटा. केळं सोलून प्लेटमधे आडवं ठेवायचं, काट्याने धरायचं, सुरीने चकती कापायची, एक चकती खाल्ली की दुसरी कापायची, सगळं आधीच चिरून ठेवायचं नाही. केळं जमलं की उकडलेला बटाटा, मग ऑम्लेट किंवा धिरडं. सुरी बोथट पाहिजे हे सांगायला नको. जेवून झालं की काटा आणि सुरी प्लेटमधे शेजारी शेजारी ठेवायचे, म्हंजे वाढणाऱ्याला न बोलता कळतं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, टेबलावर कोपर टेकायचं नाही.

अमेरिकेत पुष्कळ लोक कापून झाल्यावर सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. मोकळा हात मांडीवर. आणि फ्रान्समधे बरोबर उलटं, हात मांडीवर लपवायचे नाहीत, मनगटं टेबलाच्या काठावर दिसली पाहिजेत.

हे शिकवताना "मेनी पीपल" आणि "यूज्वली" हे दोन शब्द पोरांच्या तोंडी घट्ट बसवा. "जपानी लोक असंच करतात" असं ठोकून द्यायचं नाही, आपल्या एका गल्लीत सुद्धा चार घरी चार तऱ्हा असतात. आणि नियम आठवत नसेल तर एक वाक्य कुठल्याही देशात चालतं: "हाऊ डू यू ईट धिस?" हे विचारलं की समोरचा माणूस हसून, उत्साहाने दाखवतो. माझ्या मते पूर्ण यादीपेक्षा हे एक वाक्य भारी आहे.

आग्रहाचं काय करायचं

खान्देशातल्या पोरांना हे वेगळं सांगावंच लागतं. आपल्याकडे पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं, वाढणारा दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारता विचारता ताटात टाकतोच, कानबाईच्या सणाला रोटांना नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी-आमरसाला बसलात तर तुमच्या नकाराला काही किंमतच नसते. इंग्लिश घरात "नो, थँक यू" म्हटलं की विषय संपला, भांडं पुढे जातं, आणि आपलं पोरगं दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उपाशी उठतं. म्हणून सांगून ठेवा, हवं असेल तर पहिल्याच वेळी "येस, प्लीज". आणि बाहेरचा पाहुणा आपल्याकडे आला आणि नको म्हणाला तर एकदाच "आर यू शुअर?" विचारायचं, ताटात ढकलायचं नाही. आजीला आवरणं तुमचं काम.

एखादा पदार्थ नाही आवडला तर तोंड वाकडं न करता "नो, थँक यू", कारण सांगत बसायचं नाही. तिखट लागलं तर "इट्स अ बिट स्पायसी फॉर मी", आपल्या काळ्या मसाल्याच्या पोरांना हे कमी लागेल, पण पाहुण्याने म्हटलं तर कळायला तरी पाहिजे. घरी माळकरी किंवा जैन असाल तर हे दोन पाठच पाहिजेत: "आय डोन्ट ईट मीट ऑर एग्ज" आणि "डज धिस हॅव एग इन इट?" शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असेल तर "आयॅम अलर्जिक टू पीनट्स", आणि हे लाजत नाही, मोठ्याने बोलायचं.

बाहेर नेऊन बघा

महिना-दीड महिना झाला की हॉटेलात न्या, जळगाव-धुळ्याला मोठ्यातच पाहिजे असं नाही, बसून खायचं साधं हॉटेल चालतं. ऑर्डर पोराने द्यायची, "कॅन आय हॅव वन मसाला डोसा, प्लीज?" वेटर मराठीत उत्तर देईल, देऊ दे. जाताना गाडीवर पोराला त्याचं आतलं वाक्य विचारा, आठवण म्हणून. हॉटेलात तुम्ही मधे बोलायचं नाही, अडकलं तरी दहा सेकंद गप्प बसायचं, हे आई-बापाला पोरापेक्षा जड जातं.

घरी आल्यावर "व्हेरी गुड, एकदम फॉरेनर वाटत होतास" म्हणू नका. जे केलं ते नेमकं सांगा, "तू अडकलास आणि परत सुरू केलंस ते मला आवडलं". मामाच्या इंग्लिश मीडियमच्या पोराशी तुलना तर नकोच, एका वाक्यात महिनाभराची मेहनत जाते.

पहिली-दुसरीच्या पोरांना फक्त प्लीज, थँक यू, सॉरी आणि पाडापाडीचा खेळ पुरे, काटा-सुरी नको, देश पण एखादाच घ्या. आठवी-नववीच्या पोरांना खेळ बालिश वाटतो, त्यांना उलटं काम द्या: बाहेरून येणाऱ्या पाहुण्यासाठी इंग्लिशमधे एक पानाचं माहितीपत्रक, शेवभाजी कशी खायची, भाकरी कशी मोडायची, रश्श्यात कशी कुस्करायची, पंगतीत कधी उठायचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पाहुणा बनून ते वाचत वाचत तसंच जेवायचं, आणि जिथं पाहुणा अडकेल ते वाक्य दोघांनी मिळून परत लिहायचं.